विकतच्या खेळाची वहिवाट

मेहकर तालुक्यातील जानेफळ येथे कोणी जमिनीचा तुकडा विकत घेतो, तेव्हा खरेदीखत नोंदवून, साक्षीदारांच्या सह्या घेऊन आणि तलाठ्याच्या दप्तरी फेरफार पडून सात-बाराच्या उताऱ्यावर आपले नाव चढले की नाही, हे दोनदा पाहिल्यावाचून त्याचे समाधान होत नाही. कारण ताबा म्हणजे मालकी नव्हे, आणि ठोक्याने कसलेली जमीन व खरेदीने आलेली जमीन यांत महदंतर आहे, हे वऱ्हाडातील माणसाला कायद्याचे पुस्तक न उघडताही ठाऊक असते. परंतु त्याच घरातील तरुण मुलगा टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर एका खेळासाठी पाच हजारांच्या आसपास रक्कम मोजतो, पडद्यावर आलेला लांबलचक करारनामा एक ओळही न वाचता मान्य करतो, आणि खेळ आपला झाला असे समजून निश्चिंत होतो. त्याला न पावती मागावीशी वाटते, न हक्काची नोंद कोणाच्या दप्तरी आहे हे विचारावेसे वाटते. हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहतो तो बहुधा यंत्र बिघडल्यावर, चोरीस गेल्यावर, किंवा जुने देऊन नवे घेतल्यावर. आणि तेव्हा असे आढळून येते की, विकत घेतलेला खेळ नव्या यंत्रावर येण्यास राजी नाही, किंवा आला तरी पूर्वीच्या सर्व अधिकारांनिशी आलेला नाही.

हे असे का होते, ते समजण्यासाठी खेळण्याचा अधिकार कोठे वसतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. एकोणीसशे नव्वदनंतरच्या दशकात आपल्याकडे जे टीव्ही गेम आले, त्यांत ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ची कॅसेट बसवली की खेळ सुरू होई, यंत्र जळाले तर तीच कॅसेट शेजाऱ्याच्या यंत्रात चाले, मित्राला उसनी देता येई, कंटाळा आल्यावर दुसरीशी बदलता येई. पुढे कॅसेटची जागा डिस्कने घेतली, तरी तत्त्व तेच राहिले: अधिकार वस्तूत वसत होता, आणि वस्तू ज्याच्या हाती, अधिकार त्याचा. डाउनलोडच्या खेळात हे अद्वैत मोडले. तेथे खेळाची फाइल निराळी आणि तो चालवण्याचा परवाना निराळा. फाइल प्रचंड असते, पुष्कळदा शंभर जीबीच्या घरात जाणारी, पण तिला स्वतःचे मोल जवळजवळ नाही. ती हवी तितक्या वेळा उतरवून घ्यावी. परवाना म्हणजे मात्र कंपनीच्या सर्व्हरवरील एक लहानशी नोंद, आणि ती नसेल तर शंभर जीबीची ती फाइल निष्प्राण पडून राहते.

ही नोंद सामान्यतः दोन खुंटांना बांधलेली असते. पहिला खुंट खेळाडूच्या खात्याचा. दुसरा खुंट यंत्राचा, कारण प्रत्येक कन्सोलला कारखान्यातच एक स्वतंत्र ओळखक्रमांक मिळालेला असतो. यंत्राची ओळख पटली, तर घरातील कोणीही, आपापल्या खात्यावरून, इंटरनेट नसतानाही तो खेळ खेळू शकतो. केवळ खात्याची ओळख पटली, तर ज्याने पैसे भरले त्यानेच प्रवेश करावा लागतो आणि कंपनीच्या सर्व्हरशी संपर्कही असावा लागतो. कन्सोल बदलला म्हणजे नेमका दुसरा खुंट उपटला जातो. मालक तोच, घर तेच, पैसेही भरलेले. तरी नोंदीच्या दृष्टीने नवे यंत्र परके ठरते. जमिनीच्या बाबतीत अशा बदलाची नोंद करणारा तलाठी सरकारी नोकर असतो आणि त्याच्यावर तहसीलदार असतो. येथे दप्तर राखणारी कंपनीच, जमीन देणारी तीच, आणि फेरफार मंजूर करावयाचा की नाही हे ठरवणारीही तीच.

या व्यवस्थेतील दोष जगाच्या प्रथम ध्यानात आला तो मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या यंत्रामुळे. नोव्हेंबर २००५ मध्ये अमेरिकेत आणि सप्टेंबर २००६ मध्ये भारतात आलेल्या या कन्सोलमध्ये उष्णतेमुळे होणारा एक बिघाड इतका सार्वत्रिक होता की, बटणाभोवतीच्या वर्तुळातील चारांपैकी तीन दिवे लाल झाले म्हणजे यंत्राचा अंत झाला, हे खेळाडूंच्या जगात सर्वतोमुखी झाले. जुलै २००७ मध्ये कंपनीने या बिघाडाची हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी एक अब्ज डॉलरांहून अधिक रकमेची तरतूद केली. यंत्राचा प्रश्न अशा रीतीने औदार्याने सुटला. पण त्याच्या पोटातून दुसरा निघाला. दुरुस्तीस पाठवलेल्या यंत्राऐवजी पुष्कळांना दुसरेच यंत्र मिळाले, आणि त्याचा ओळखक्रमांक अर्थातच निराळा होता. जुनी हार्ड डिस्क त्यावर बसवली, सर्व खेळ यादीत दिसू लागले, परंतु ज्या भावंडाचे खाते नव्हते त्याने खेळ उघडला तर तो केवळ नमुन्यापुरता उघडे, आणि इंटरनेट बंद असले तर खुद्द पैसे भरणाऱ्यालाही तोच अनुभव येई. दोष कंपनीच्या यंत्राचा, बदली कंपनीनेच दिलेली, आणि भुर्दंड मात्र ग्राहकाच्या हक्कावर! अखेर २००८ साली कंपनीने परवाने जुन्या यंत्रावरून नव्या यंत्रावर नेण्याची सोय उपलब्ध केली. तीही प्रारंभी वर्षातून एकदाच वापरता येई, आणि पुढे ती मुदत चार महिन्यांवर आणण्यात आली.

सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर डाउनलोडचा खेळ प्रारंभी पाच यंत्रांवर चालवता येत असे. नोव्हेंबर २०११ पासून नव्या खरेदीसाठी ही संख्या दोनवर आली. प्लेस्टेशन ४ पासून ‘प्रायमरी’ म्हणजे मुख्य यंत्राची कल्पना रूढ झाली: एका खात्याचे मुख्य यंत्र एकच. जुने यंत्र हाताशी असेल तर त्यावरील ही नोंद आपण स्वतः काढून टाकू शकतो. ते निकामी झाले किंवा चोरीस गेले तर सर्व यंत्रांवरील नोंद एकदम काढण्याची सोय खात्याच्या पानावर आहे, परंतु ती सहा महिन्यांतून एकदाच वापरता येते. एक्सबॉक्सवर हेच मुख्य यंत्र, म्हणजे ‘होम एक्सबॉक्स’, वर्षातून पाच वेळा बदलता येतो. निन्टेन्डोची जुनी रीत याहून कठोर होती. तिच्या वी या कन्सोलवर घेतलेले खेळ त्या यंत्रालाच जखडलेले असत, आणि यंत्र मेले तर कंपनीच्या दुरुस्ती केंद्रावाचून गती नसे. आपल्या देशात निन्टेन्डोची यंत्रे बहुतांशी परदेशातून आणलेलीच वापरात असल्यामुळे येथील खेळाडूला तोही मार्ग व्यवहारतः बंद होता. वीचे ऑनलाइन दुकान ३० जानेवारी २०१९ रोजी बंद झाले. निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांच्या दुकानांत नवी खरेदी २७ मार्च २०२३ पासून बंद झाली.

ग्राहकांनी आवाज उठवला तर कंपन्या माघार घेतात, याचेही दाखले आहेत. २०१३ साली एक्सबॉक्स वनची घोषणा झाली, तेव्हा या यंत्राने चोवीस तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावली पाहिजे, अन्यथा खेळ बंद, अशी अट होती. लोकक्षोभ एवढा उसळला की १९ जून २०१३ रोजी, यंत्र बाजारात येण्यापूर्वीच, ती मागे घेण्यात आली. प्लेस्टेशन ४ च्या पोटातील घड्याळाची लहानशी बॅटरी संपली आणि कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क नसला, तर डाउनलोडचेच काय, डिस्कचे खेळही सुरू होत नाहीत, ही गोष्ट २०२१ साली खेळाडूंनीच उघडकीस आणली. सप्टेंबर २०२१ मध्ये आलेल्या नव्या सॉफ्टवेअरने ती दूर झाली. सर्व्हर चालू आहेत तोवर हे सारे किरकोळ वाटते. पण ज्या गावी वादळी पावसात तार तुटली की रात्रभर वीज नाही आणि मोबाइलचे जाळे कधी आहे कधी नाही, तेथे ‘इंटरनेट असेल तरच खेळ’ ही अट पुणे-मुंबईच्या माणसाला वाटते त्याहून फार निराळी असते. आणि म्हणूनच मुख्य यंत्राची नोंद योग्य ठिकाणी असणे, ही जानेफळच्या खेळाडूच्या दृष्टीने चैनीची बाब नसून निकडीची आहे.

कंपन्यांची बाजूही ऐकून घेणे न्यायाचे होईल. खेळ तयार करण्यास शेकडो कलावंत व तंत्रज्ञ यांची अनेक वर्षांची मेहनत खर्ची पडते, आणि डिजिटल प्रत ही अशी वस्तू आहे की ती दुसऱ्यास दिली तरी देणाऱ्याकडे ती उरतेच. यंत्राचा खुंट अजिबात नसता, तर एकाने पैसे भरावेत आणि त्याच्या खात्यावर पन्नास घरांनी खेळावे, असे झाल्यावाचून राहिले नसते. आपल्याकडे प्लेस्टेशन २ च्या काळात नकली डिस्का ज्या सढळपणे विकल्या जात, त्या स्मरता कंपन्यांची भीती काल्पनिक म्हणता येत नाही. शिवाय डाउनलोडमुळे एक मोठे सुख झाले, तेही नाकारू नये: डिस्कवर ओरखडा पडला तर ती गेली, पण खाते शाबूत असेल तर खेळ पुनःपुन्हा उतरवता येतो. तेव्हा तक्रार निर्बंध असण्याची नाही. एकच निर्बंध चोराला आणि प्रामाणिक ग्राहकाला सारखाच लागू होतो, आणि तो शिथिल करण्याचा अधिकार सर्वस्वी एकाच पक्षाच्या हाती राहतो, ही तक्रार आहे.

मालकी एकाची, ताबा दुसऱ्याचा आणि अटी तिसऱ्याच कागदात, ही स्थिती वऱ्हाडला अपरिचित नाही. हा सारा मुलूख १८५३ च्या तहाने निजामाने इंग्रजांच्या हवाली केला, आणि १९०२ साली लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत वर्षाला पंचवीस लाख रुपयांच्या बोलीने तो कायमच्या इजाऱ्यावर देण्यात आला. कागदोपत्री सार्वभौमत्व हैदराबादचे, अंमल इंग्रजांचा. त्या इजाऱ्याचे दोन्ही पक्ष राज्यकर्ते होते, निदान नावापुरते तरी बरोबरीचे होते. परंतु याच मातीत दुसराही एक करार शतकानुशतके चालत आला, तो जमीनमालक आणि कूळ यांच्यातला, आणि त्यात बरोबरी नव्हती. कुळाने मुकाट्याने अटी मान्य केल्या म्हणून त्या न्याय्य ठरत नाहीत, दुर्बल पक्षाच्या पाठीशी कायद्याने उभे राहिले पाहिजे, हा विचार हळूहळू रुजला, आणि विदर्भासाठी १९५८ साली स्वतंत्र कूळकायदा झाला. करारात काय लिहिले आहे, हा प्रश्न तेव्हापासून अखेरचा राहिला नाही. करारात काय लिहिता येईल, हाही प्रश्न कायद्याच्या कक्षेत आला. डिजिटल खेळांच्या बाबतीत आपण अजून या वळणाच्या अलीकडेच उभे आहोत.

भारतीय कायदा या विषयात अगदीच मुका नाही, मात्र तो अन्य निमित्तांनी बोलला आहे. माध्यमावर साठवून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात २००४ साली विक्रीकराच्या संदर्भात ठरवले. २ मार्च २०२१ रोजी इंजिनीअरिंग ॲनालिसिस सेंटरच्या खटल्यात त्याच न्यायालयाने प्राप्तिकराच्या संदर्भात असे म्हटले की, वापरकर्त्याशी केलेल्या करारास परवाना हे नाव दिलेले असले तरी त्याने कॉपीराइटमधील कोणताही हक्क त्याच्याकडे जात नाही. त्याला विकली जाते ती सॉफ्टवेअरची प्रत, आणि तो व्यवहार मालविक्रीचा. हे दोन्ही निवाडे करांविषयीचे आहेत, खेळाडूंच्या हक्कांविषयीचे नव्हेत. तथापि उद्या एखाद्या ग्राहकाने आपल्या खरेदीबद्दल दाद मागितली, तर ‘ही विक्रीच नव्हे’ या बचावास ते सहजी वाट देणार नाहीत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२ व्या कलमाने सॉफ्टवेअरची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास, ती गहाळ किंवा नष्ट होण्यापासून तात्पुरता बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभा दिली आहे. उलटपक्षी २०१२ साली घातलेल्या ६५-अ कलमाने, हक्कांचा भंग करण्याच्या हेतूने तांत्रिक कुलूप फोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. सबब, परवान्याचे कुलूप तोडून देणाऱ्या दुकानदाराच्या नादी लागणे हा या प्रश्नावरील तोडगा नव्हे.

खरा आधार आहे तो २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या या कायद्याने ‘अनुचित करार’ ही कल्पना प्रथमच स्पष्टपणे मांडली. वाजवी कारणावाचून करार एकतर्फी संपुष्टात आणण्याचा अधिकार एकाच पक्षाला देणारे, किंवा ग्राहकावर अवाजवी अट लादून त्याचे नुकसान करणारे कलम त्यात येते. अशा कराराविरुद्धची फिर्याद जिल्हा आयोगापुढे न चालता राज्य आयोगापुढे चालते. पण सदोष वस्तू किंवा सेवेतील त्रुटी यांबद्दलची तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगापुढे करता येते, म्हणजे जानेफळच्या रहिवाशाला बुलढाण्यास. आणि मोबदल्याची रक्कम पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रारीस फी नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी डिजिटल उत्पादनेही आपल्या कक्षेत घेतली आहेत. करारनाम्यात लवादाचे कलम असले, तरी त्यामुळे ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद होत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली निश्चित केले आहे.

परदेशांतील चित्र संमिश्र आहे. युरोपच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकल कंपनीच्या खटल्यात, डाउनलोड करून कायमस्वरूपी घेतलेल्या सॉफ्टवेअरचा परवाना पुन्हा विकता येतो, असा निर्णय दिला. परंतु फ्रान्समधील एका ग्राहक संघटनेने हेच तत्त्व वाल्व कंपनीच्या स्टीम या दुकानातील खेळांना लागू करावे म्हणून लढा दिला, तेव्हा २०१९ साली पॅरिसच्या न्यायालयात तिला यश मिळाले, २०२२ साली अपिलात ते गेले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात तेथील सर्वोच्च न्यायालयानेही कंपनीचीच बाजू उचलून धरली. कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू केला की, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असताना दुकानाने त्यास खरेदी म्हणू नये, किंवा म्हणावयाचे तर तो परवाना आहे हे ठळकपणे सांगावे. डिस्क घेतली म्हणजे निर्धास्त, असेही नाही. यूबीसॉफ्टचा ‘द क्रू’ हा डिसेंबर २०१४ मध्ये आलेला खेळ सदैव इंटरनेटवर अवलंबून होता; ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाले, आणि ज्यांच्या कपाटात त्याची डिस्क होती त्यांच्या हाती केवळ प्लॅस्टिकची चकती उरली. त्यातूनच त्या वर्षी ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीस दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या दिल्या.

कायदा होईल तेव्हा होवो. तोवर ग्राहकाने आपले दप्तर आपणच नीट ठेवावे. खाते घरातील प्रौढ व्यक्तीच्या नावाने काढावे, कारण भारतीय करार कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीने केलेला करार रद्दबातल असतो आणि वादाच्या वेळी तो मुद्दा आपल्याच अंगावर येण्याचा संभव असतो. खात्याशी जोडलेला ईमेल आणि मोबाइल क्रमांक चालू असावा. सिमकार्ड बदलले आणि खात्यावर जुनाच क्रमांक राहिला, तर यंत्राबरोबर खातेही हातचे जाण्याची भीती असते. खरेदीच्या पावत्या ईमेलमधून पुसू नयेत. जुने यंत्र विकण्यापूर्वी किंवा दुकानात बदली देण्यापूर्वी त्यावरील मुख्य यंत्राची नोंद काढावी, खेळातील प्रगतीची नक्कल क्लाउडवर किंवा पेन ड्राइव्हवर घ्यावी, आणि नंतरच यंत्र कोरे करावे. ही क्रिया उलट्या क्रमाने केली तर पुढे सहा महिने वाट पाहण्याची पाळी येऊ शकते. नवे यंत्र आले की प्रथम त्यास मुख्य ठरवावे. खेळावर कुलपाचे चिन्ह दिसले तर प्लेस्टेशनच्या सेटिंगमध्ये परवाने पुन्हा आणण्याची सोय आहे, ती वापरून पाहावी. डिस्कचे खेळ असतील, तर स्वस्त म्हणून डिस्क न घेणारा ‘डिजिटल’ कन्सोल घेऊ नये. आणि एवढे करूनही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवण्यास संकोच करू नये.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक संकेतस्थळ उघडले. वस्तू विकणाऱ्याची जबाबदारी विक्रीने संपत नाही, हे तत्त्व त्यातून शासनाने मान्य केले आहे. तेच तत्त्व एक पाऊल पुढे नेऊन तीन गोष्टी नियमाने बंधनकारक कराव्यात: यंत्र बिघडले, हरवले वा बदलले तर परवाना नव्या यंत्रावर विनामूल्य आणि वर्षातून किती वेळा ही मर्यादा न लावता हलवून मिळावा, दुकान वा सर्व्हर बंद करावयाचा असेल तर पुरेशी आगाऊ सूचना देऊन खेळ इंटरनेटवाचून चालेल अशी तजवीज व्हावी, आणि पैसे घेण्यापूर्वी, मराठीसह ग्राहकाच्या भाषेत, आपण त्याला काय देत आहोत व काय देत नाही, हे चार ओळींत सांगितले जावे. यांपैकी एकाही मागणीने खेळ निर्माण करणाऱ्याचा एक पैसाही बुडत नाही. जो पूर्ण विकत घेतल्याची किंमत घेतो, त्याने निदान वहिवाटीची शाश्वती तरी दिलीच पाहिजे. आणि ती त्याने आपणहून दिली नाही, तर ती देवविणे हे शासनाचे काम आहे.